'ऐच्छिक बोनस' की 'विवेकाधीन बोनस'? आणि राजीनामा दिल्यावर काय?

प्रश्न: नेमणूकपत्राच्या मराठी मसुद्यात डिस्क्रिशनरी बोनससाठी, म्हणजे द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते त्या बोनससाठी, 'ऐच्छिक बोनस' लिहिलंय. ओळ अशी आहे: 'वाटपाच्या दिवशी सेवेत असणाऱ्या कर्मचाऱ्यास ऐच्छिक बोनस देण्यात येईल.' राजीनामा देऊन नोटीस पिरियडमध्ये असलेल्याला तो लागू होतो का?

भाषांतरकार: 'ऐच्छिक' आधी काढा. ऐच्छिक विषय, ऐच्छिक सुट्टी यांत निवड घेणाऱ्याची असते. इथे मर्जी देणाऱ्याची आहे. 'विवेकाधीन' बरोबर, पण नुसतं नको. 'व्यवस्थापनाच्या विवेकाधीन' लिहा. विवेक कोणाचा, ते कागदावर आलंच पाहिजे.

कामगार कायद्याचे जाणकार: विशेषणापेक्षा क्रियापद बघा. 'देण्यात येईल' हे वचन झालं, 'देता येईल' हा अधिकार. विशेषण विवेकाधीन आणि क्रियापद 'देण्यात येईल' असेल तर वाद ठरलेला, कारण कर्मचारी क्रियापदावर बोट ठेवणार आणि कंपनी विशेषणावर. 'मिळू शकेल' तर टाळाच, त्यातून ठरवणारा कोण हेच कळत नाही.

आता 'सेवेत असणारा'. राजीनामा 5 ऑक्टोबरला दिला, वाटप 15 ला, कार्यमुक्ती 4 नोव्हेंबरला. 15 ला तो माणूस सेवेतच आहे: हजेरी लागते, पगार निघतो, पीएफ कापला जातो. म्हणजे तुमच्या ओळीप्रमाणे तो पात्र ठरतो. त्याला वगळायचं असेल तर 'आणि ज्याने त्या दिवसापर्यंत राजीनामा सादर केलेला नाही' हे स्पष्ट लिहावं लागेल. राजीनामा 'सादर', 'मंजूर' आणि 'कार्यमुक्ती' या तीन वेगळ्या तारखा आहेत. मसुद्यात नुसतं 'राजीनाम्यानंतर' लिहिलं की यातली कुठली, यावरच भांडण होतं.

पगारपत्रक विभाग: यात कायद्याचा (वैधानिक) बोनस मिसळू नका, सगळ्यात महाग चूक तीच. 1965 च्या बोनस कायद्यातल्या तरतुदी आता वेतन संहितेत आहेत. वेतनमर्यादेत बसणाऱ्याने हिशेबी वर्षात किमान 30 दिवस काम केलं की पात्रता येते. दर किमान 8.33 टक्के, कमाल 20. राजीनामा दिला म्हणून हा बोनस जात नाही. फसवणूक, कामाच्या जागी दंगा किंवा हिंसा, चोरी, अफरातफर, घातपात अशा कारणांनी बडतर्फी झाली तरच तो बुडतो. संहितेने लैंगिक छळाच्या गुन्ह्यातली शिक्षाही त्यात घातली आहे.

1965 च्या कायद्यात वेतनमर्यादा महिना 21,000 होती, आणि हिशेब 7,000 किंवा किमान वेतन, यांतल्या जास्त रकमेवर. 7,000 धरले तर सात महिन्यांनी सोडणाऱ्याचे 49,000 वर 8.33 टक्क्यांनी 4,081 रुपये 70 पैसे होतात. हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत ते द्यायचे असतात. त्यामुळे फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबाच्या, कागदावर 'बोनस: निरंक' असेल आणि खाली 'आता काहीही येणे नाही' अशी ओळ असेल, तर सही करण्याआधी 'वैधानिक बोनस वगळून' हे शब्द घालून घ्या.

प्रश्न: मग 'सानुग्रह अनुदान' म्हणजे हेच का? मुंबई महापालिकेचं दिवाळीला जाहीर होतं ते?

भाषांतरकार: सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेलं, कायद्याच्या बंधनाविना. बातम्या त्यालाही सरसकट बोनस म्हणतात. मसुद्यात ती मोकळीक घेऊ नये. ग्रॅच्युइटी वेगळीच, तिला 'उपदान'.

कामगार कायद्याचे जाणकार: मात्र 'सानुग्रह' नाव दिलं की विषय संपला, असं नाही. कोलकात्याच्या पूजा बोनसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये मानलं की वर्षानुवर्षं अखंड दिलेला बोनस ही नोकरीची गर्भित अट ठरू शकते. अशा बोनसला 'रूढीगत बोनस' म्हणतात. तसंच, सूत्र ठरलेलं असेल, म्हणजे 'उद्दिष्टाच्या 90 टक्क्यांवर वार्षिक वेतनाच्या 10 टक्के', तर ते कामगिरीनिगडित वेतन. त्याला विवेकाधीन म्हणणंच चूक.

भाषांतरकार: तर कंपनीला नोटीसवाल्यांना वगळायचं असल्यास ओळ अशी: 'वैधानिक बोनसव्यतिरिक्त, व्यवस्थापनाच्या विवेकानुसार अतिरिक्त बोनस देता येईल. वाटपाच्या दिवशी सेवेत असलेला आणि त्या दिवसापर्यंत राजीनामा सादर न केलेला कर्मचारी त्यासाठी विचारात घेतला जाईल.' शेवटी 'पात्र राहील' नको. 'पात्र' वाचलं की लोक 'हक्कदार' समजतात.