मदत हवी आहे: बगीच्यात जमलेलं गणित वहीत कसं उतरवायचं?

नमस्कार मंडळी. काटोल तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. तिसरी-चौथी माझ्याकडे. सहकारी सर मीटिंगला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की चारही वर्ग माझ्याकडेच येतात.

आमचा सगळा पट्टा संत्र्याचा. पावसाळ्यात आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर येणाऱ्या फुलोऱ्याची) फळगळ सुरू झाली तेव्हा मुलांनीच विचारलं, 'मॅडम, किती फळं वाया जातात हे मोजता येईल का?' शाळेला लागूनच एका पालकांचा बगीचा आहे. त्यांना विचारून काही झाडांना चिंध्या बांधल्या. मुलं रोज त्या झाडांखालची फळं मोजतात, फळ्यावर मांडतात, झाडावरून ओळीचा आणि ओळीवरून बगीच्याचा अंदाज काढतात. चौथीतल्या एका मुलीने तर बांधाकडे, जिथे पाणी साचतं, तिथेच गळ जास्त असल्याचं दाखवून दिलं. हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं. तिचे वडील नंतर स्वतः येऊन चर काढण्याबद्दल बोलत होते.

अडचण पुढे आहे. 'एका पेटीत 48 संत्री, तर 15 पेट्यांत किती?' हे चाचणीतलं उदाहरण याच मुलीने कोरं सोडलं. तोंडी विचारलं तर क्षणात उत्तर देते. एक आजोबा म्हणाले, 'मॅडम, बगीचा त घरीच हाय. शाळेत लिहाले शिकवा ना.' त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. पाचवीला ही मुलं दुसऱ्या शाळेत जातील, तिथे कागदावरच विचारणार. पण म्हणून बगीच्याचं काम बंद करायचं नाही, हे माझं पक्कं आहे.

बहुवर्ग शाळेत असं काम केलेल्यांनी सांगा: प्रत्येक मूल काय शिकलं याची नोंद कशी ठेवता? आणि मोठी मुलं मोजणीत असताना पहिली-दुसरीला काय देता? हस्तकलेचे उपक्रम माझ्याकडे भरपूर आहेत, ते नकोत.

प्रतिसाद 1

ताई, मीही भिवापूरकडे बहुवर्ग शाळेवर होतो. उदाहरणं तुम्ही काढू नका, मुलांना काढू द्या. आजच्या मोजणीवरून प्रत्येकाने एक शाब्दिक उदाहरण लिहायचं आणि जोडीदाराने वहीत सोडवायचं. बोललेलं आणि लिहिलेलं यातली दरी तिथेच भरते. आजोबांनाही वही दाखवता येते.

पहिली-दुसरीला त्याच फळांचे दहा-दहाचे ढीग करायला लावा. दशक-एकक यापेक्षा चांगलं कुठे शिकणार? फक्त सडकी फळं हाताळू देऊ नका, आणि फवारणी कधी झाली ते मालकाला विचारूनच मुलांना आत न्या.

नोंदीसाठी वेगळं रजिस्टर कशाला? सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या 2010 च्या योजनेत तिसरी-चौथीला 60 टक्के भार आकारिकचाच, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाचाच, ठेवला होता. दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, प्रकल्प ही साधनं त्यातलीच. रोज तीन-चार मुलांबद्दल एकेक वाक्य लिहा, आठवड्यात सगळी होतात.

जमलं तर सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा बघून या. 1937 च्या वर्धा परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण ही गांधीजींची कल्पना, पुढे आली. आजही या शाळेत शेतीकामातून विषय शिकवतात. आणि फळगळीचे प्रश्न मुलांनीच लिहून नागपूरला अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेला पाठवावेत. पत्रलेखनही होईल.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. जोडीने उदाहरणं काढणं सोमवारपासूनच सुरू करते. एक शंका उरली: जे मूल अजून वाक्यच नीट लिहू शकत नाही, त्याचं उदाहरण जोडीदाराने लिहून घेतलेलं चालेल, की चित्राने मांडू द्यावं? असं एक मूल तिसरीत आहे, मोजणीत सगळ्यांच्या पुढे.