मार्चमध्ये केदारकंठा, बूट कुठले घ्यावेत?

सातारी गडी: मंडळी, मार्चच्या सुरवातीला उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकला चाललोय, साधे ट्रेकिंगचे बूट चालतील का? अजिंक्यतारा रोज चढतो पण बर्फ कधी बघितलाच नाय.

सांगलीकर: वॉटरप्रूफ असतील तर चालतील भावा, पण मायक्रोस्पाइक्स (बुटाला खालून लावायचे धातूचे काटे) पाहिजेतच, ट्रेक सुरू होतो त्या सांकरी गावात भाड्यानं मिळतात. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं न पहाटे वाट काचेगत होते, चढताना काय वाटत नाय, उतरताना कळतं.

घाटवाट: शिखर साधारण १२,५०० फुटांवर, अंधारातच निघतात कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत आत. गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं कव्हर) लाव, मोजे लोकरीचे, कॉटनचे अजिबात नको.

सातारी गडी: इथं जरंडेश्वरच्या डोंगरावर प्रॅक्टिस केली तर?

सांगलीकर: दम वाढंल की, घसरायची प्रॅक्टिस तिथंच जाऊन 😄