शब्दचर्चा : ‘डिव्हाइन ऑफिस’साठी मराठी शब्द

प्रश्न : कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनी रोज ठरावीक वेळी ‘डिव्हाइन ऑफिस’ ही मुख्यतः बायबलमधील स्तोत्रांची प्रार्थना करतात. प्रापंचिक म्हणून मलाही ती सुरू करायची आहे. तिला मराठीत काय म्हणावे? यांत्रिक भाषांतरात ‘दैवी कार्यालय’ असे येते. ‘तासांची प्रार्थना’ चालेल का?

उत्तर : ‘कार्यालय’ सर्वथा वर्ज्य. लॅटिन ‘ऑफिशियम’ म्हणजे कर्तव्य किंवा सेवा, आणि धर्मगुरूंच्या बाबतीत ही प्रार्थना खरोखरच बंधनकारक असते. प्रापंचिकांवर तसे बंधन नाही. मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरातील कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात प्रापंचिकांनीही ती धर्मगुरूंसोबत, आपापसांत किंवा एकट्याने म्हणावी असे स्पष्ट उत्तेजन दिले आहे. म्हणून नावात कर्तव्याचा भार नसलेला शब्द मला अधिक योग्य वाटतो. ‘तासांची प्रार्थना’ म्हटले की ऐकणाऱ्याला तासन्‌तास चालणारी प्रार्थना वाटते, शिवाय पवित्र साक्रामेंतासमोरच्या, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेल्या पवित्र भाकरीसमोरच्या, तासाभराच्या आराधनेशी घोटाळा होतो. प्रत्यक्षात सकाळची प्रार्थना साधारण पंधरा मिनिटांत होते.

‘प्रहर-प्रार्थना’ हा शब्द मी सुचवेन. जुन्या रोमन गणनेत सूर्योदयापासून तिसरा, सहावा आणि नववा तास, म्हणजे ढोबळमानाने नऊ, बारा आणि तीन वाजता, दिवसातल्या छोट्या प्रार्थना होत. हे अंतर बरोबर एकेका प्रहराचे आहे. आपला ‘दुपार’ हा शब्दही दोन प्रहरांवरूनच आला. पेत्र आणि योहान नवव्या तासाला प्रार्थनेसाठी मंदिरात गेल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते, तो आपला तिसरा प्रहर.

दुसरे उत्तर : ‘प्रहर-प्रार्थना’ मान्य, पण नवशिक्याने सगळे प्रहर एकदम धरू नयेत. सकाळची आणि सायंकाळची प्रार्थना या दोन बिजागऱ्या आहेत, असे परिषदेनेच म्हटले आहे. निद्रेपूर्वीच्या प्रार्थनेला काहीजण ‘शेजारती’ म्हणतात, ते मला पटत नाही. शेजारतीत देवाला निजवतात. येथे माणूस दिवसभराच्या वर्तनाची झडती घेऊन स्वतःला देवाच्या हाती सोपवतो आणि वृद्ध शिमोनाचे गीत म्हणतो. त्यापेक्षा ‘निद्राप्रार्थना’ बरे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. घरी नेहमीचे मराठी बायबल आहे. त्यावरून सुरुवात करता येईल का?

पहिले उत्तर देणारे : स्तोत्रांपुरती येईल. सध्याच्या रचनेत स्तोत्रसंहिता चार आठवड्यांत विभागली आहे. १९७० साली सहावे पोप पॉल यांनी ही सुधारणा जाहीर करण्यापूर्वी जवळजवळ सगळी स्तोत्रे एकाच आठवड्यात म्हटली जात, त्यामुळे आजची मांडणी संसारी माणसाला पेलवणारी आहे. पहिल्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी ६३ वे स्तोत्र, मग दानिएलच्या पुस्तकातील तीन तरुणांचे सृष्टिस्तवन आणि त्यानंतर १४९ वे स्तोत्र येते. पुढे छोटे वाचन, लूकच्या पहिल्या अध्यायातील जखऱ्याचे गीत, विनंत्या आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. सायंकाळी जखऱ्याच्या जागी पवित्र मरियेचे गीत असते.

यात एक अडचण हमखास येते. तिघा तरुणांचे गीत प्रोटेस्टंट आवृत्तीत सापडणार नाही, कारण दानिएलच्या तिसऱ्या अध्यायातील तो भाग कॅथलिक बायबलमध्ये असतो, पण प्रोटेस्टंट बायबलमध्ये त्या अध्यायात छापत नाहीत. कॅथलिक आवृत्तीच जवळ ठेवावी. प्रार्थनाग्रंथात स्तोत्रापुढे ‘६३ (६२)’ असे दोन आकडे दिसले तर गोंधळू नये. कंसातला आकडा जुन्या लॅटिन गणनेचा असतो आणि मराठी बायबलसाठी पहिलाच धरावा.

रविवारच्या दोन सायंप्रार्थनांपैकी पहिली आदल्या सायंकाळी, म्हणजे शनिवारीच होते. आगमनकाळाच्या (नाताळापूर्वीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी चार आठवड्यांचे चक्र पहिल्या आठवड्यापासून सुरू होते, म्हणून शक्य असल्यास त्याच्या आदल्या सायंकाळी प्रारंभ करावा. तोवर थांबायचे नसेल, तर चालू आठवडा कोणता हे धर्मग्रामातील धर्मगुरूंना किंवा धर्मभगिनींना विचारून घ्यावे.