बास्केटबॉल खेळताना केसकी : नियम आणि बांधणी याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी नांदेडमध्ये मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवतो. संघातील नववीच्या एका शीख मुलीने मागच्या वर्षी अमृतपान केले (म्हणजे खालसा पंथाची दीक्षा घेतली) असून तेव्हापासून ती केसकी, म्हणजे केसांवर घट्ट बसणारी लहान पगडी, बांधते. गेल्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यातील सामन्याआधी पंचांनी तिला डोक्यावरचे कापड काढून यायला सांगितले. दोन्ही हातांनी केसकी धरून ती क्षणभर उभी राहिली आणि काही न बोलता राखीव खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसली. मला तेव्हा नियम दाखवता आला नाही, याची खंत अजून जात नाही.

घरी आल्यावर नियम वाचले. 2014 मध्ये चीनमधील वुहान येथील आशिया चषकात अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या भारतीय शीख खेळाडूंना पगडी उतरवायला सांगण्यात आले होते. त्यानंतर बराच विरोध झाला आणि अखेर फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) बंदी उठवून 1 ऑक्टोबर 2017 पासून नवा नियम लागू केला. शिरोवस्त्र काळे, पांढरे किंवा गणवेशाच्या मुख्य रंगाचे असावे, संघात ते घालणाऱ्या सर्वांचा रंग एकच असावा, चेहरा झाकला जाऊ नये, काही बाहेर लोंबू नये आणि कोणाला इजा होऊ नये, अशा त्याच्या अटी होत्या. आमचा गणवेश पिवळा आहे आणि बसंती केसकी तिच्या घरी आहेच, त्यामुळे रंगाचा प्रश्न सुटला.

‘बाकीच्या शीख मुली कुठे बांधतात?’ असेही मला ऐकवण्यात आले. रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, स्त्रियांसाठी पगडी ऐच्छिक आहे हे खरे, पण जिने ती श्रद्धेने स्वीकारली आहे तिला ती मैदानाबाहेर ठेवून ये, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

अडचण आहे ती बांधणीची. उडी मारून चेंडू घेताना धक्का लागला की मागे खोचलेले टोक सुटते, आणि टोचण्याच्या भीतीने पिन लावता येत नाही. शिवाय केसकीखाली अंबाड्यात लाकडी कंगा, म्हणजे धर्मचिन्ह म्हणून बाळगायचा छोटा कंगवा, असतो. तो कठीण वस्तू म्हणून पंच अडवतील का, आणि तो कुठे खोचला म्हणजे पडल्यावर तिलाही लागणार नाही?

ज्यांच्या मुली किंवा बहिणी केसकी बांधून खेळतात त्यांनी कापड किती लांबीचे घ्यावे आणि शेवटचा वेढा कसा अडकवावा, हे कृपया सविस्तर लिहावे. तसेच आयोजकांना आधीच लेखी अर्ज देऊन परवानगी घेतलेल्या कोणाकडे मराठी अर्जाचा नमुना असेल, तर तोही हवा आहे. पुढचा सामना तीन आठवड्यांवर आहे.