सीटी नॉर्मल आला म्हणजे लकवा नाही, असं नसतं

कुणी विचारतं, मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल आला, मग लकवा नाहीच ना? तसं धरून चालू नका. मेंदूतली बारीक रक्तवाहिनी बंद पडली तर पहिल्या काही तासांत साध्या सीटीत बरेचदा काहीच दिसत नाही. सीटी आधी करतात ती रक्तस्राव नाही ना, हे पाहायला. असा अटकाव बहुतेकदा डिफ्यूजन एमआरआयमध्ये (रक्त न पोचलेला मेंदूचा भाग लवकर दाखवणारा एमआरआय) सापडतो.

आमच्या मामांचं तेच झालं. कापूस वेचणीचे दिवस. चहा पिताना उजव्या हातातली बशी तिरपी झाली, चहा सगळा धोतरावर. "हात झोपला वाटते," म्हणाले, अन् मामीनं तेल चोळलं. दोन तास त्यातच गेले. वाहिनी बंद करणारी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, अन् आपल्या खेड्यांतून सीटीपर्यंत पोचायलाच किती वेळ जातो! म्हणून १०८ला लगेच फोन करा, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ सांगा. स्कॅनआधी घरची ॲस्पिरिन देऊ नका.

रक्तवाहिनीतून तार नेऊन गुठळी काढणं मोठ्या वाहिनीत फार उपयोगी. मध्यम-बारीक वाहिन्यांत मात्र २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत औषधोपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

मामांची बीपीची गोळी महिनाभर बंद होती. ती आता मामी स्वतः हातावर ठेवते.