‘मोहादो’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी (लातूर): एका मेक्सिकन कथेचं भाषांतर करतेय. रिओ ग्रान्दे नदी पोहून बिनकागदांचा अमेरिकेत शिरणारा तो ‘मोहादो’, म्हणजे ओला. मी ‘भिजका’ लिहिलं, तर नवरा म्हणाला, छत्री विसरला का?

मांजराकाठ: सरळ ‘घुसखोर’ लिहा की.

शब्दवेडी: कथेतला माणूस स्वतःलाच मोहादो म्हणतो. स्वतःला घुसखोर कोण म्हणवून घेईल? इंग्रजीतली ‘ओली पाठ’ (वेटबॅक) मात्र शिवीच. १९५४ साली तिथल्या सरकारनं या लोकांना हाकलायच्या मोहिमेला तेच नाव दिलं होतं.

जुनेमास्तर: ‘खोर’ फारसी, म्हणजे खाणारा. ‘अनधिकृत प्रवेशी’ म्हणावे.

मांजराकाठ: हे तर रेल्वेची पाटी वाचल्यासारखं वाटतंय, सर. आणि फारसी काढायचं तर ‘कागद’ही काढा.

बालाघाटी: आमच्याकडं ‘जगायला गेला’ म्हणतेत. आजी अजून सांगते, बहात्तरला आज्जा पुण्याकडं जगायला गेलता.

मांजराकाठ: पुण्याला जायला कागद कुठं लागतो?

शब्दवेडी: तरी शब्द आवडला. बरं, पार करून देणाऱ्याला तिकडे ‘कोयोटे’ म्हणतात, कोल्ह्यासारखा प्राणी. ‘मुकादम’ चालेल?

बालाघाटी: न्हाई ताई. मुकादम आधी उचल देतो, मग माणूस ऊसतोडीत अडकतो. तुमचा कोयोटे उलटा पैसे घेतो.

मांजराकाठ: पंजाबीत ‘डंकी’ आहे की. डंकी लावून गेला, म्हणजे देशोदेशी टप्पे खात.

जुनेमास्तर: मराठीत गाढवे कमी आहेत काय?

बालाघाटी: आणि सरहद्द आपल्याकडंबी होती. बार्शी खालशात, म्हणजे इंग्रजी मुलखात, आपण मोगलाईत, म्हणजे निजामाकडं, मधी करोडगिरीचा नाका. रझाकारीत पणजोबा तिकडल्या कॅम्पात गेले. घरात अजून ‘पल्याड गेले’च म्हणतेत.

जुनेमास्तर: करोडगिरी म्हणजे जकात. अकबराच्या काळी कोटभर दाम वसूल करणारा तो ‘करोडी’.

मांजराकाठ: आमचे आजोबा सांगायचे, नाक्यावर लोकांना करडेपणानं वागवत, म्हणून ‘करडगिरी’.

जुनेमास्तर: आजोबा व्युत्पत्तिकार होते काय?

मांजराकाठ: नव्हते. पण नाक्यावर मार खाल्लेले होते.

शब्दवेडी: ‘पल्याड्या’ कसा वाटतो? बालाघाटी, पणजोबा नदी उतरून गेले होते का?

बालाघाटी: न्हाई. बार्शी लाइट रेल्वेनं, तिकीट काढून. नाक्यावर म्हणले, बाजाराला चाललो.

जुनेमास्तर: ‘लाइट’ हा शब्द...