मदत हवी आहे: टेनिसमधून उभारलेला निधी कसा वापरावा?

आम्ही काही हौशी खेळाडू सामने भरवून वंचित मुलांच्या टेनिस प्रशिक्षणासाठी निधी उभारणार आहोत. अमेरिकी टेनिसपटू आर्थर ॲश यांनी सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात खेळाला शिक्षणाची जोड होती, त्यामुळे केवळ रॅकेट वाटून थांबणे मला अपुरे वाटते. शिवाय देणगीत येणाऱ्या जुन्या रॅकेट बहुधा प्रौढांच्या मापाच्या असतात, तर लहान मुलांना आखूड रॅकेट आणि नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असा लाल चेंडू लागतो. (तारा बदलण्याचा खर्च तर कोणाच्या लक्षातच येत नाही.) अशा वेळी निधीचा मोठा वाटा प्रशिक्षकाच्या मानधनावर खर्च करावा, की एकदोन होतकरू मुलांच्या स्पर्धाप्रवासावर? असे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.